ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: प्लास्टिक सुरू केलं आणि मीलवूड गेलं, ही गरमी येतेय कुठून?

ऐरोली_सेक्टर८ | रविवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज, दोन रविवार गेलेत यात.

ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड या वसाहत चालवायच्या गेममध्ये सायकल (गेममधला दिवस) १८६ चालू आहे, आठ ड्युप (गेममधली माणसं), बेस एकदम सुरळीत चाललेला. तापमान चोवीस-पंचवीसवर बसलेलं, मीलवूडच्या (खायच्या पिकाच्या) चार ओळी, पाणी पण पुरेसं. मग डोक्यात स्टीम टर्बाइनचं (वाफेची गरमी खाऊन वीज देणाऱ्या यंत्राचं) खूळ शिरलं. टर्बाइनला ८०० किलो रिफाइंड मेटल आणि २०० किलो प्लास्टिक लागतं, मेटल होतं, प्लास्टिक नव्हतं, म्हणून खाली ऑइल बायोममध्ये (नकाशाच्या तेल असलेल्या गरम भागात) रिफायनरी टाकली, शेजारी पॉलिमर प्रेस (पेट्रोलियमचं प्लास्टिक करणारं मशीन) टाकला आणि म्हणलं गरजेपुरतं झालं की बंद करू. अर्थातच विसरलो. सात-आठ सायकल प्रेस धडाधड चालू राहिला. टर्बाइन बांधून, शिड्या बांधून झाल्यावर पण बिनमध्ये (साठवणीच्या पेटीत) बघतो तर जवळजवळ दोन टन प्लास्टिक पडलंय.

आता प्रॉब्लेम. शेतीचं तापमान हळूहळू चढत गेलं, २६, २८, २९, आणि काल ३० च्या पुढे गेलं तशी सगळी मीलवूड एकदम स्टायफल्ड (वाढ बंद). आठ ड्युप आणि खायला काही नाही, दोन जण तर रडत फिरतायत. मी म्हणलं प्रेसचीच गरमी असणार, म्हणून प्रेसच्या खोलीला इग्नियस रॉकच्या इन्सुलेटेड टाइलचा डबल थर दिला. काही फरक नाही. प्रेस बंद केला, पाच सायकल झाल्या, तरी शेती अजून गरमच होतेय. गरम करणारी वस्तूच बंद आहे तर गरमी येतेय कुठून हे कळेना.

दुसरी भानगड म्हणजे स्टीमच्या खोलीत मी प्लास्टिकच्या शिड्या लावल्या होत्या, कारण ड्युप त्यावर भराभर चढतात. परवा जेवून येऊन बघतो तर शिड्याच गायब! खाली नाफ्थाचं (एक तेलकट द्रव) तळं. अ‍ॅक्वाट्यूनर (पाणी थंड करून त्याची गरमी खोलीत सोडणारं मशीन) पण डॅमेज दाखवतोय. जेवायला गेलो तेव्हा गेम पॉज करायचा राहिला, तेवढ्यात हे सगळं.

इथे खऱ्या आयुष्यात पण तीच गत आहे, मे महिना, खाडीवरून वारा नाही, लॅपटॉप उपड्या स्टीलच्या ताटावर ठेवून समोर टेबलफॅन लावलाय आणि आई विचारतेय ताट कुठंय. कोणीतरी वाचवा.

---

घोडबंदर_जाम | रविवार, रात्री ११:५८

प्रेसला इन्सुलेशन लाव भावा, झालं काम

---

ऐरोली_सेक्टर८ | सोमवार, रात्री १२:०३

दादा वर लिहिलंय की, डबल थर लावलाय 😐

---

ढोकाळी_नाका | सोमवार, सकाळी ९:१५

एकच प्रश्न, प्लास्टिकचा बिन कुठे आहे?

---

ऐरोली_सेक्टर८ | सोमवार, सकाळी ९:३२

मीलवूडच्या बरोबर खालच्या मजल्यावर. तिथेच सगळे बिन आहेत, बिल्डिंगला जवळ पडतं म्हणून.

---

ढोकाळी_नाका | सोमवार, दुपारी १:१०

वाटलंच होतं. लंच ब्रेकमध्ये लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तू मशीनकडे बघत बसलायस आणि गरमी पिशवीत घालून घरी आणतोयस. पॉलिमर प्रेसमधून जे प्लास्टिक पडतं ना, ते ७५ डिग्रीवर पडतं. प्रेस थंड असो की गरम. ड्युप बिचारे इमानदारीत तो ३० किलोचा गठ्ठा उचलतात आणि जिना चढून तुझ्या शेतीखालच्या बिनमध्ये आणून टाकतात. बिन म्हणजे काही थर्मास नाही, त्यात ठेवलेली वस्तू आजूबाजूच्या हवेशी उष्णतेची देवाणघेवाण करतच राहते.

आता हिशोब बघ. प्रेस सेकंदाला ५०० ग्रॅम प्लास्टिक काढतो, सायकल ६०० सेकंदांची, म्हणजे पूर्ण वेळ चालला तर सायकलला ३०० किलो. प्लास्टिकची स्पेसिफिक हीट १.९२. ते ७५ वरून २५ वर यायचं असेल तर ५०० गुणिले १.९२ गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला ४८,००० डीटीयू (गेममधलं उष्णतेचं एकक). आणि ज्या प्रेसला तू डबल भिंत बांधलीस त्याची स्वतःची गरमी किती? साडेबत्तीस हजार. म्हणजे मशीनपेक्षा माल जास्त गरमी घेऊन येतोय आणि भिंत तू मशीनला बांधलीस.

दोन टन साठवलंय म्हणतोस तर त्यात एकूण १९ कोटी २० लाख डीटीयू आहेत, ते सगळे कधी ना कधी तुझ्या बेसमध्ये उतरणार. तुलनेसाठी सांगतो, शंभर चौकोनांची खोली घे, प्रत्येक चौकोनात १.८ किलो ऑक्सिजन धर, तर ती सगळी हवा एक डिग्रीने वाढवायला जेमतेम १ लाख ८१ हजार लागतात. बाकीचं टाइल, भिंती, शेतीचं पाणी शोषून घेतात म्हणून अजून पन्नासला नाही पोचलास इतकंच.

आणि प्रेस बंद करून पण थांबत नाहीये ते यासाठी की प्लास्टिकची कंडक्टिव्हिटी (उष्णता पुढे देण्याची क्षमता) फक्त ०.१५ आहे. उष्णता सोडतं पण चिंगूसपणे सोडतं. आत्ता एफ३ दाबून बघू नको, तिथे हवेचं तापमान दिसेल, सरळ बिनवर क्लिक करून आतल्या प्लास्टिकचं तापमान बघ. माझी पैज, अजून साठच्या वर असेल.

---

ऐरोली_सेक्टर८ | सोमवार, दुपारी १:४४

६३.४

च्यायला. पाच सायकल झाल्या, आणि अजून ६३.४.

---

चेंदणी_कोळीवाडा | सोमवार, दुपारी ३:२०

हे म्हणजे गरम डाळीचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवणं झालं 😂 आमच्या सासूबाई ओरडतात ना, डाळ थंड होणार नाही, दूध नासेल. तुझं दूध नासलं.

आधी ड्युपचं बघ, रडारड नंतर. बिनवर क्लिक करून प्लास्टिकची टिक काढ. ते आपोआप जमिनीवर पडेल. मग जिथे बर्फाळ बायोम फोडलेला असेल तिथे नवीन बिन बांध, त्यात फक्त प्लास्टिक टिक कर, प्रायॉरिटी ९ दे आणि सगळं तिकडे हलव. तिथला बर्फ वितळेल थोडा, वितळू दे, पाणीच मिळेल. आणि हो, ढकलाढकली करताना शेतीत दार उघडं ठेवू नको, ऑइल बायोमची गरम हवा वर चढते ती वेगळीच.

आमच्याकडे मासळी थर्माकोलच्या पेटीत बर्फात भरतात ना, त्यात पण हीच रीत. पेटी आधी गार करून घ्यायची आणि मासळी उन्हात तापलेली असेल तर ती आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून मगच पेटीत. तापलेली तशीच टाकली तर पेटीतला अर्धा बर्फ तिलाच गार करण्यात जातो आणि दुपारपर्यंत खालच्या थराचं पाणी. गेममध्ये मी दोन वेळा तुझ्यासारखाच बेस घालवला तेव्हा हे डोक्यात आलं, रोज हाताने करत होते तेच गेममध्ये विसरले.

मीलवूड मरत नाहीये बरं का, स्टायफल्ड म्हणजे वाढ थांबलेली. ३० च्या खाली आलं की परत सुरू होतं. १० ते ३० त्याची रेंज आहे. उपटून टाकू नकोस घाबरून.

---

रबाळे_दुसरी_पाळी | सोमवार, रात्री ११:२५

आत्ता पाळी सुटली, ट्रेनमध्ये वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितो.

मी रबाळे एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगला आहे, डब्यांची झाकणं, बादल्यांच्या कड्या वगैरे. तुम्ही जे गेममध्ये प्लास्टिक म्हणता त्याचं गेमच्या फायलींमधलं नाव पॉलीप्रॉपिलीन आहे, म्हणजे आमचं पीपी. आणि गेममध्ये ते १६० डिग्रीला वितळतं. खऱ्या पीपीचा पण वितळणबिंदू १६० ते १६५ च्या दरम्यानच असतो, म्हणजे ज्याने आकडा टाकलाय त्याने बघूनच टाकलाय. एचडीपीई (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) असतं तर १३० च्या आसपासच गेलं असतं, म्हणजे तुझ्या शिड्या अजून आधी गेल्या असत्या. आम्ही बॅरलमध्ये दोनशेच्या पुढे नेतो, कारण नुसतं वितळून चालत नाही, मोल्डच्या कोपऱ्यापर्यंत वाहत जायला पाहिजे.

पण खरी गोष्ट मी सांगायला आलोय ती थंड करण्याची. बाहेरच्याला वाटतं मोल्डिंग म्हणजे वितळवणं. वितळवणं सोपं आहे, दाणा हॉपरमध्ये ओता, हीटर आहेतच. वेळ खातं ते थंड करणं. एका शॉटचा जेवढा वेळ असतो त्यातला मोठा भाग मोल्ड बंद ठेवून चिलरचं पाणी फिरवत नुसतं थांबायचं असतं. सुपरवायझरला घाई झाली की तो तेच सेकंद कापतो. मग पीस निघतो तो हाताला चटका बसेल इतका गरम, वरून चांगला दिसतो, मुलं भराभर पेटीत एकावर एक रचतात, आणि अर्ध्या तासाने पेटी उघडली की मधली झाकणं वाकडी. कडेची चांगली, मधली वाकडी. कारण कडेच्यांना हवा लागते, मधल्यांची गरमी कुठे जाणार. प्लास्टिक गरमी धरून बसतं. म्हणून आम्ही पीस टेबलावर पसरतो, वर पंखा, मग पेटी.

तुझा बिन म्हणजे ती पेटी आहे. आधी पसर, मग भर.

आणि तो नाफ्था. हे वाचून मला जाम हसू आलं. खऱ्यात पीपी वितळलं तर वितळलेलं पीपीच राहतं, घट्ट लापशीसारखं, त्याचं परत तेल करायचं तर हवा बंद करून चारशेच्या पुढे तापवावं लागतं. गेमने शॉर्टकट मारलाय, वितळलं की थेट नाफ्था. पण उलट दिशा खरी आहे हां, नाफ्था फोडूनच इथिलीन, प्रॉपिलीन निघतं आणि त्यातून प्लास्टिक. ठाणे-बेलापूर रोडवर नोसीलचा नाफ्था क्रॅकर साठच्या दशकात आला तो यासाठीच. कंपनीचं काय झालं ते झालं, पण रिक्षावाल्याला अजून नोसील नाकाच सांगावं लागतं. तुझ्या ड्युपनी क्रॅकर उलटा चालवला.

घणसोली गेलं, उतरतो पुढच्या स्टेशनला.

---

कळवा_फास्ट | मंगळवार, सकाळी ८:०५

वरच्या काकांची पोस्ट वाचून ऑफिसमध्ये जेवणाचा डबा बघतोय, झाकण वाकडंच आहे

बाकी ऐरोली, एवढं हलवाहलव कशाला, व्हॅक्युम कर बिनच्या खोलीत. हवाच नाही तर गरमी जाणार कुठे.

---

ढोकाळी_नाका | मंगळवार, सकाळी १०:४०

@कळवा_फास्ट गरमी जाणार नाही हे बरोबर, पण मग प्लास्टिक थंड पण होणार नाही ना. ६३ वर आहे ते ६३ वरच राहणार, आणि ज्या दिवशी काही बांधायला काढशील त्या दिवशी ते गरमच निघणार. शिवाय ज्या वस्तू जमिनीवर पडल्या असतील त्या खालच्या टाइलशी पण उष्णता देतात-घेतात, त्यामुळे व्हॅक्युममध्ये सुद्धा जमिनीवर पडलेलं प्लास्टिक टाइल तापवतंच. तात्पुरतं लपवून ठेवायचं असेल तर ठीक.

---

ऐरोली_सेक्टर८ | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, काका, ढोकाळी, सगळ्यांचे आभार. चेंदणीताईंनी सांगितलं तसं केलं, उजवीकडे बर्फाचा बायोम आधीच अर्धा फोडलेला होता, तिथे बिन नेला. शेती २९.१ वर आलीये, खालच्या दोन ओळी परत वाढायला लागल्या. एक ड्युप अजून चिडलेला आहे, त्याने राग काढायला प्लंबिंग फोडलं, ते वेगळं प्रकरण.

आता स्टीमच्या खोलीचं कुणीतरी सांगा. टर्बाइनमध्ये पण प्लास्टिक आहे ना २०० किलो, मग शिड्या वितळल्या आणि टर्बाइन का नाही वितळलं? मी घाबरून अ‍ॅक्वाट्यूनर बंदच ठेवलाय. म्हणजे बघा, प्लास्टिक थंड करायला कूलिंग पाहिजे, कूलिंगला टर्बाइन पाहिजे, टर्बाइनला प्लास्टिक पाहिजे, कोंबडी आधी की अंडं.

---

ढोकाळी_नाका | मंगळवार, रात्री ११:३०

टर्बाइन दोन मटेरियलचं बनतं. गेम इमारतीचं तापमान आणि वितळणं धरतो ते पहिल्या मटेरियलवरून, म्हणजे तुझ्या केसमध्ये मेटल. प्लास्टिक तिथे नावापुरतं. शिडी मात्र शंभर टक्के प्लास्टिकची, १६० ला गेली.

आता खोली १६० च्या वर गेलीच कशी ते महत्त्वाचं. माझा अंदाज असा की तू टर्बाइनच्या मागून थंड पाण्याची लाइन फिरवलीच नाहीस. टर्बाइन वाफ खातं, १२५ डिग्रीच्या वरची, आणि ९५ चं पाणी परत देतं, ते सगळं ठीक. पण वाफेतून जेवढी उष्णता काढतं त्याचा दहावा हिस्सा ते स्वतःच्या अंगावर घेतं. त्याला थंड ठेवलं नाही तर ते १०० डिग्रीला पोचतं आणि थांबतं. थांबलं की वाफेची गरमी बाहेर काढणारं कुणीच नाही, आणि खाली अ‍ॅक्वाट्यूनर वेड्यासारखा आत गरमी ओततोच आहे. प्रदूषित पाणी घातलं असशील तर १० किलो पाणी १४ डिग्रीने थंड करायला दर सेकंदाला ५ लाख ८५ हजार डीटीयू खोलीत सोडतो तो. तू जेवून येईपर्यंत १६० झालं, शिड्या गेल्या. मग अजून वर गेलं आणि अ‍ॅक्वाट्यूनरच ओव्हरहीट.

तो गोल्ड अ‍ॅमल्गमचा बनवलायस ना?

---

ऐरोली_सेक्टर८ | मंगळवार, रात्री ११:३६

हो 🙈 स्टील वाचवत होतो

---

ढोकाळी_नाका | मंगळवार, रात्री ११:५२

मग बरोबर, तो १७५ ला डॅमेज घ्यायला लागतो. स्टीलचा असता तर ३२५ पर्यंत टिकला असता. १२०० किलो स्टील जीवावर येतं माहितीये, पण तिथे कंजूषी नको.

थंड झालेल्या पाइपला आधी टर्बाइनच्या पाठीमागून नेऊन मग बाकी बेसकडे पाठव, आधी बेस आणि उरलं तर टर्बाइन असं नाही. आणि स्टीमच्या खोलीत एक थर्मो सेन्सर ठेव, १५० च्या वर गेलं की अ‍ॅक्वाट्यूनर बंद. शिड्या साध्या दगडाच्या. ड्युपना त्या खोलीत जायचंच नसतं एकदा सील केली की, मग भराभर चढून करणार काय तिथे.

कोंबडी-अंड्याचं म्हणशील तर तुझ्याकडे टर्बाइन उभं आहे, अंडं मिळालंय तुला. फक्त फोडू नकोस.

---

घोडबंदर_जाम | बुधवार, सकाळी ९:५०

माझा जुगाड ऐका, कूलिंग बिलिंग काही नको. इमारत बांधली की तिचं तापमान जास्तीत जास्त ४५ होतं, सामान कितीही गरम असू दे. तर ७५ च्या प्लास्टिकच्या शिड्या बांधायच्या, आणि लगेच तोडायच्या. सामान पूर्ण परत मिळतं आणि ४५ डिग्रीचं. ३० डिग्री हवेत गायब. मी तर ऑइल बायोममध्येच शिड्यांची रांग लावतो आणि तोडतो.

---

चेंदणी_कोळीवाडा | बुधवार, सकाळी ११:१०

पहिल्या दिवशी इन्सुलेशन लाव एवढंच लिहिलंस आणि खरं घबाड आज काढलंस होय रे

---

कळवा_फास्ट | बुधवार, दुपारी १२:००

हे चीटिंग आहे. उष्णता अशी हवेत गायब होत नसते.

---

घोडबंदर_जाम | बुधवार, दुपारी १२:०४

भावा टर्बाइन पण उष्णता गायबच करतं, तुला ९५ चं पाणी आणि ८५० वॅट मिळतात, बाकीची कुठे गेली विचार

---

कळवा_फास्ट | बुधवार, दुपारी १२:०९

टर्बाइन वेगळं. त्याला मेहनत लागते.

---

रबाळे_दुसरी_पाळी | बुधवार, दुपारी २:३०

पाळीला निघायच्या आधी दोन ओळी. चीटिंग असो नसो, दोन टन प्लास्टिकच्या शिड्या बांधायच्या आणि तोडायच्या म्हणजे ड्युपची किती सायकल जाणार ते बघा. उपाशी ड्युप आधी, जुगाड नंतर. आमच्याकडे असला उपाय सुचवला तर सुपरवायझर विचारेल, मजुरी कोण देणार.

---

ऐरोली_सेक्टर८ | बुधवार, रात्री ९:४५

जुगाड करून बघितला, शंभर-दोनशे किलोला भारी आहे, दोन टनाला काकांचं बरोबर आहे. सगळे ड्युप दिवसभर शिड्यांवरच.

पुढच्या वेळी असं होऊच नये म्हणून काय करू? प्रेस बंद करायला मी विसरतोच, ते माझ्याच्याने सुधारणार नाही.

---

ढोकाळी_नाका | बुधवार, रात्री १०:५०

विसरणाऱ्यासाठीच ऑटोमेशन आहे. साधा बिन नको, स्मार्ट स्टोरेज बिन घे, ६० वॅट खातो. तो प्रेसच्या शेजारीच ठेव, खाली ऑइल बायोममध्ये, आणि त्याची मर्यादा स्लाइडरने ४०० किलोवर आण. तो भरला की हिरवा सिग्नल देतो. आपल्याला उलटं पाहिजे, भरला की प्रेस बंद, म्हणून मध्ये एक नॉट गेट (सिग्नल उलटा करणारं) टाकायचं आणि वायर प्रेसला जोडायची. इथेच सगळे चुकतात, नॉट गेट विसरतात, मग रिकामा असताना प्रेस बंद आणि भरल्यावर चालू, आणि म्हणतात गेममध्ये बग आहे.

ज्याला खरंच सतत प्लास्टिक लागतं, त्याने रेलवर टाकावं. ऑटो स्वीपर उचलतो, कन्व्हेयर लोडरमध्ये टाकतो, रेलवर २० किलोचं पॅकेट बनून जातं. ती रेल थंड पाण्याचा पाइप फिरवलेल्या मेटल टाइलमधून न्यायची. पण कंडक्टिव्हिटी ०.१५ लक्षात ठेव, चार टाइलमध्ये काही होणार नाही, लांब नागमोडी रेल लागते. किंवा रेलचं वर्तुळ करून त्यात रेल थर्मो सेन्सर आणि शटऑफ, ३० च्या खाली आलं तरच बाहेर सोडायचं, नाहीतर आणखी एक फेरा. रिंगरूटसारखं, उतरायची वेळ आली नाही तर फिरत रहा.

---

चेंदणी_कोळीवाडा | बुधवार, रात्री ११:१५

आणि एक सांगू का, तुला दर सायकलला ३०० किलो लागतं तरी कशाला? टर्बाइनला २०० लागले, दोन-तीन टर्बाइन झाली की उरतं काय, शिड्या आणि थोडं किरकोळ. मी तर प्रेस सोडूनच दिला. ग्लॉसी ड्रेको (अंगावर प्लास्टिक येणारे गेममधले प्राणी) पाळलेत, सहा. त्यांना हायड्रोजनमध्ये ठेवायचं, मीलवूड नाहीतर ब्रिसल ब्लॉसम खायला, आणि तीन सायकलनी कातरायचे, एका ड्रेकोचं १५० किलो प्लास्टिक. ना पेट्रोलियम, ना रिफायनरी, ना ७५ डिग्री.

तुझं मीलवूड आत्ता माणसांनाच पुरत नाहीये ते सोड.

---

ऐरोली_सेक्टर८ | शुक्रवार, रात्री ११:३०

अपडेट देतो.

शेती २६.८. चारही ओळी चालू. कुणी मेलं नाही, एकाचं वजन वगैरे गेममध्ये नसतं पण असतं तर अर्धं झालं असतं. बर्फाच्या बायोममधलं प्लास्टिक ६३ वरून ३८ वर आलंय, शेजारचा बर्फ बराचसा वितळला, खाली पाणी साचलंय. काका, तुमच्या पेटीचं वाचून बिन एकाऐवजी पाच केले, लांब लांब, आणि माल त्यात वाटला. बिनांमध्ये वाटणं आणि टेबलावर पसरणं गेमच्या हिशोबात एकच आहे की नाही माहीत नाही पण माझ्या डोळ्यांना बरं वाटतं.

स्मार्ट बिन लावला, नॉट गेट लावलं (पहिल्यांदा विसरलो, ढोकाळी तू आधीच लिहिलं होतंस, तरी विसरलो). अ‍ॅक्वाट्यूनर स्टीलचा केला. टर्बाइनच्या मागून लाइन फिरवली, ते आता ७१ वर शांत बसलंय.

नाफ्थाचं तळं तसंच आहे. ते चिकट आहे, पसरत नाही, एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलंय. काय करू त्याचं? पुसून टाकू?

---

ढोकाळी_नाका | शनिवार, सकाळी १०:२०

पूस, पण फेकू नको वेड्या, पुसलं की ते बाटलीतच येतं. ती बाटली ठेव. ऑइल बायोमच्या दाराशी लिक्विड लॉक (हवा अडवणारा द्रवाचा अडसर) करायला ओत, उष्णता फारशी पुढे जाऊ देत नाही आणि ड्युप त्यातून आरपार जातात. खालची गरम हवा वर चढणं बंद होईल.

---

चेंदणी_कोळीवाडा | शनिवार, सकाळी १०:४५

आणि आईला ताट परत दिलंस का?

---

ऐरोली_सेक्टर८ | शनिवार, सकाळी ११:०२

दिलं. आता लॅपटॉप पोळपाटावर आहे. लाकडी आहे म्हणून जास्त तापतोय.